राजगड ते रायगड : चार दिवसांच्या गिरिप्रवासाचा बेत कसा आखावा

करावे गावचा जुना माणूस होडी खाडीत लोटण्यापूर्वी तिथी पाहत असे. तिथीची पाऊणपट करावी म्हणजे भरतीची वेळ निघते, हा हिशेब त्यास कागदावाचून येई. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. म्हणून त्या दिवशी भरती सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास आणि भर दुपारी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येस भरती मध्यान्हीच्या आसपास, व तीही उधाणाची. अष्टमीची मात्र भांगाची. एवढे ध्यानात घेतल्यावरच जाळे खांद्यावर पडत असे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, गावाभोवतीची शेते व खाजणे जाऊन तेथे नवे शहर उभे राहिले, तरी समुद्राचे वेळापत्रक कोणी बदललेले नाही. खाडी आजही त्याच हिशेबाने भरते व रिकामी होते.

डोंगराचीही अशीच एक भरती-ओहोटी आहे. तेथे ती पाण्याची नसून उजेडाची असते. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो व सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे चालावयास फार तर अकरा तास. हा उजेड कोठे संपेल व त्या वेळी आपण कोठे असू, याचा विचार ज्याने घरी केला नाही, तो ओहोटीत चिखलात रुतलेल्या होडीसारखा अडकतो. फरक इतकाच, की होडीस सहा तासांनी पाणी मिळते. कड्याच्या टोकावर रात्र झालेल्यास बारा तास बसून राहावे लागते.

नाताळच्या सुट्टीत मित्रमैत्रिणींनी मिळून कोठे तरी दूर डोंगरात जावे, अशी हौस वरच्या वर्गांतील पुष्कळ विद्यार्थ्यांस असते, आणि ती उत्तम हौस आहे. परंतु बेत आखा म्हटले, की बहुतेक मंडळी गाडीच्या वेळा, खाऊची यादी व कोणी कोठे निजावयाचे यांची चर्चा करू लागतात. ही तयारी होय, बेत नव्हे. डोंगरात थकलेल्या अंगाने जे निर्णय घेणे कठीण जाते, ते घरी स्वस्थपणे बसून, सर्वांच्या संमतीने आधीच घेऊन ठेवणे, यास मी बेत म्हणतो. हे कसे करावे, ते एका प्रत्यक्ष मार्गाच्या आधाराने पाहू.

हा मार्ग म्हणजे राजगड, तोरणा व रायगड. सह्याद्रीत चालणाऱ्या मंडळींत तो फार प्रसिद्ध आहे, व तसे असावयास कारणही आहे. शिवाजी महाराजांनी तोरणा घेतला तो १६४६ च्या सुमारास. तेथे सापडलेल्या धनाचा विनियोग राजगडाच्या बांधकामास झाला असे सांगतात. राजगड ही पुढे दीर्घ काळ राजधानी होती. सईबाईंचा अंत १६५९ साली येथेच झाला, १६६६ साली आग्र्याहून निसटल्यावर महाराज परतले ते येथेच, आणि राजारामांचा जन्म १६७० साली येथलाच. तेथून राजधानी रायगडास गेली व ६ जून १६७४ रोजी तेथे राज्याभिषेक झाला. इतिहासाच्या पुस्तकात जी स्थळे चार ओळींच्या अंतरावर असतात, त्यांच्यामधील खरे अंतर पायांनी मोजावयाचे, हे या प्रवासाचे प्रयोजन. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले घेतले, त्यांत राजगड व रायगड आहेत, तोरणा नाही. तोरण्याची उंची त्यामुळे कमी होत नाही. १,४०३ मीटर ती आहेच, आणि चढणाऱ्याच्या गुडघ्यांस तिची ओळख पटते.

आता नकाशा. भारतीय सर्वेक्षण खात्याचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे असतात. त्यांत दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील एक किलोमीटर. त्यांवरील तपकिरी वेड्यावाकड्या रेषा समान उंचीची स्थळे जोडतात, व लगतच्या दोन रेषांत उंचीचा फरक वीस मीटरांचा असतो. रेषा विरळ तेथे माळ, दाट तेथे चढ, व एकमेकींस चिकटल्या तेथे कडा. सह्याद्री हा लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झालेला डोंगर आहे; म्हणून त्यात कडा, मग सपाटी, पुन्हा कडा, अशी जिन्यासारखी रचना दिसते. पूर्वेस देशाकडे हा जिना बेताबेताने उतरतो, पश्चिमेस कोकणाकडे एकदम तुटतो. आपला मार्ग पहिले तीन दिवस देशाच्या बाजूने डोंगराच्या धारेवरून जातो आणि चौथ्या दिवशी ही तुटलेली बाजू उतरून कोकणात पडतो. नकाशा पसरून प्रत्येकाने ही गोष्ट स्वतःच्या बोटाने चाचपून पाहावी. एकाने पाहिले व बाकीचे त्याच्या मागे गेले, तर चुकलेल्याच्या मागे सारेच चुकतात.

अंतरावरून वेळ कसा काढावा? स्कॉटलंडातील नेस्मिथ नावाच्या गिरिभ्रमण करणाऱ्या गृहस्थाने १८९२ साली एक सोपा नियम सांगितला, तो आजही वापरतात. साधारण पाच किलोमीटरांस एक तास, आणि प्रत्येक सहाशे मीटर चढास आणखी एक तास. समजा, पंधरा किलोमीटर चालावयाचे असून त्यात सहाशे मीटर चढ आहे. तर तीन अधिक एक, असे चार तास झाले. परंतु हा हिशेब सशक्त, सवयीच्या व न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे. पाठीवर ओझे, सोबतीस नवशिके, वर आपले ऊन. हे धरून त्याची दीडपट करावी, व विसाव्याचे तास निराळे मिळवावेत. शिवाय हा नियम खड्या उतारास लागू पडत नाही. उतरताना वेळ वाचतो अशी समजूत असलेल्यांनी कोकणात उतरणारी एखादी नाळ अवश्य पाहावी. तेथे प्रत्येक पाऊल टेकण्यापूर्वी दगड हलतो की नाही हे पाहावे लागते, आणि चढावयास लागेल त्याहून अधिक वेळ उतरावयास लागतो.

प्रवासाचा प्रारंभ घरापासूनच धरावा. सीवूड्स-दारावे स्थानकावरून पनवेल, तेथून एस. टी. ने पुणे, पुढे पुणे-बंगळूर महामार्गावरील नसरापूर फाट्यावरून राजगडाच्या पायथ्याचे गुंजवणे गाव, एवढ्यात एक दिवस जातो. तो दिवस चालण्यात धरू नये. रात्री गुंजवण्यास निजून पहाटे गड चढावा. चोरदरवाजाची वाट खडी आहे, पण दोन-तीन तासांत पद्मावती माचीवर आणून सोडते. पहिला दिवस राजगडासच द्यावा. पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या आणि मध्ये बालेकिल्ला असा त्याचा विस्तार आहे. तो घाईने पाहणे म्हणजे पंगतीत बसून पानावरून उठून जाणे होय. मुक्काम गडावर करू देतात की पायथ्याच्या गावात करावयाचा, याविषयीचे पुरातत्त्व खात्याचे नियम बदलत असतात. ते निघण्यापूर्वी विचारून घ्यावेत, व नकार मिळाला तर त्याप्रमाणे बेत फिरवावा. गडावर गेल्यावर विचारू, असे म्हणू नये.

दुसरा दिवस राजगड ते तोरणा. संजीवनी माचीच्या आळू दरवाजाने बाहेर पडून डोंगराच्या धारेवर यावयाचे व ती धरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जावयाचे. सहा ते आठ तासांची ही चाल आहे, आणि वाटेत पाण्याचा भरवसा नाही. तोरण्याच्या अंगास चढताना रडतोंडीचा बुरूज लागतो. नाव ठेवणाऱ्याने अनुभवाने ठेवले असावे. परंतु या दिवसाची सर्वांत महत्त्वाची जागा बुरूज नव्हे, तर मधली खिंड होय. तेथे एक मोटाररस्ता धारेस आडवा छेदून जातो, व एका बाजूस उतरले की वेल्हे गाव मिळते. म्हणून बेताच्या कागदावर असे लिहावे : “दुपारी बाराच्या आत मंडळी खिंडीतून पुढे निघाली नाही, तर वेल्ह्यास उतरणे. चर्चा नाही.” वेल्हे हे तोरण्याच्या पायथ्याचेच गाव असल्याने यात काही हरपत नाही, दुसऱ्या दिवशी तेथून नेहमीच्या वाटेने तोरणा चढता येतो.

“चर्चा नाही” हे शब्द कित्येकांस कठोर वाटतील. परंतु मित्रमंडळींचा प्रवास आणि शाळेने नेलेली सहल यांत हाच मोठा भेद आहे. सहलीत गुरुजी “परत फिरा” म्हणतात व मुले कुरकुरत फिरतात. मित्रांत कोणी कोणास सांगावयाचे? खिंडीत दीड वाजला आहे असे समजा. एकाचा घोटा मुरगळला आहे, पण सर्वांचा विरस होईल म्हणून तो म्हणतो, “चला रे, मी येतो हळूहळू.” दुसऱ्याच्या बाटलीत घोटभर पाणी उरले आहे, पण हसतील या भयाने तो बोलत नाही. तिसऱ्यास परत फिरावेसे वाटते, परंतु आपण भित्रे ठरू म्हणून तो समोरच्या माथ्याकडे पाहतो. प्रत्येकाच्या मनात शंका, आणि तोंडी “चला!” अशा रीतीने जिवलग मित्र एकमेकांस संकटात नेतात, व तेही प्रेमापोटी. बारा वाजताची अट घरीच लिहिलेली असली, म्हणजे कोणास भित्रे व्हावे लागत नाही; कागद बोलतो.

कागदाबरोबर एक माणूसही लागतो. मासेमारीच्या मोठ्या बोटीवर तांडेल असतो. त्याचा थोरला भाऊ, मामा, चुलता कोणीही बोटीवर असो, पाण्यात असेपर्यंत शब्द तांडेलाचा. जमिनीवर पाय लागल्यावर नातीगोती पुन्हा पहिल्यासारखी. आपल्या मंडळींनीही एक तांडेल नेमावा. तो सर्वांत बळकट असावा असे नाही, किंबहुना बळकट माणूस या कामास बहुधा वाईट, कारण दुसऱ्याचा थकवा त्यास दिसत नाही. जो मागे वळून माणसे मोजतो तो निवडावा. सर्वांत हळू चालणाऱ्यास रांगेत पुढून दुसरा ठेवावा आणि त्याच्या चालीने सर्वांनी चालावे. त्यास शेवटी ठेवले, म्हणजे पुढचे लोक विसावा घेऊन ताजे होतात, आणि तो येऊन पोहोचताच उठून चालू लागतात. ज्यास विसावा हवा त्यासच तो मिळत नाही.

मंडळी किती असावी? बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राउनसी बेटावर मुलांचे जे पहिले शिबिर भरविले, त्यात मुले सुमारे वीसच होती, तरी त्यांनी त्यांच्या चार तुकड्या केल्या व प्रत्येक तुकडीस एक नायक दिला. पाच-सहा जणांवर एकाची नजर राहते, पंचवीस जणांवर राहत नाही. आपल्यासारख्या नवशिक्यांची संख्या आठ-दहा असावी, त्यांत हा मार्ग पूर्वी चाललेली निदान दोन प्रौढ माणसे असावीत, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसासाठी स्थानिक वाटाड्या आधीच ठरवून ठेवावा. त्याचे पैसे आधी बोलून घ्यावेत व घासाघीस न करता द्यावेत.

तिसरा दिवस सर्वांत लांब. तोरण्याच्या बुधला माचीवरून पश्चिमेस उतरून गेळी, हारपूड या वस्त्यांच्या बाजूने मोहरी गाठावयाची. रानातून, पठारावरून, अनेक ढोरवाटांतून ही वाट जाते; येथे चुकणे फार सोपे. मोहरीस मुक्काम करावा. तेथपर्यंत गाडी येण्याजोगा रस्ता आहे, म्हणून ज्याचे पाय फोडांनी भरले असतील त्यास येथून परत पाठविता येते. ही शेवटची सोडवणूक होय, कारण चौथ्या दिवशी नाळ आहे.

नाळ म्हणजे कड्यातील उभी घळ. मोहरीच्या बाजूस कोकणात उतरणाऱ्या अशा दोन प्रसिद्ध वाटा आहेत. बोराट्याची नाळ लिंगाण्याच्या अगदी कुशीत उतरते; ती पाहून छाती दडपते, व तेथे दोर वापरण्याची वेळ येऊ शकते. सिंगापूरची नाळ त्या मानाने सौम्य आहे. विद्यार्थ्यांनी सिंगापूरचीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. लिंगाणा कोठे पळून जात नाही. नाळेत एकदा शिरले की डावीउजवीकडे वाट नसते. वर किंवा खाली, एवढेच. म्हणून सकाळी नऊच्या आत नाळेच्या तोंडाशी असावे, आणि कोणास ताप, चक्कर वा पायाची दुखापत असल्यास त्याने आत पाऊल घालू नये. उतरताना मधले अंतर आखूड ठेवावे, म्हणजे सुटलेला दगड वेग घेण्यापूर्वीच पुढच्याजवळ पोहोचतो. जेथे दगड फार सुटतात तेथे एकेकाने उतरावे व बाकीच्यांनी आडोशास थांबावे. डोक्यास शिरस्त्राण असावे. पावसाळ्यात ही नाळ म्हणजे धबधब्याचा मार्ग असतो, तेव्हा जून ते सप्टेंबर या मार्गाचे नाव काढू नये. फेब्रुवारीनंतर टाकी आटू लागतात व गवत वाळून पेटते. राहता राहिले नोव्हेंबर ते जानेवारी. खाली दापोली गाव लागते (हे रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली नव्हे), आणि तेथून वारंगीच्या बाजूने रायगडाचा पायथा.

ओझ्याविषयी. आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक भार पाठीवर नसावा. पंचेचाळीस किलो वजनाच्या मुलाने नऊ किलो. त्यात पाणी तीन लिटर, म्हणजे तीन किलो गेले. पांघरूण, कपडे, बॅटरी, औषधे यांत आणखी तीन-चार. खाद्यास उरले दोन किलो. १९३४ साली शिप्टन व टिलमन हे दोन इंग्रज आंग थारके, पासांग व कुसांग या तीन शेर्पांसह ऋषिगंगेच्या घळीतून नंदादेवीच्या पायथ्याच्या खोऱ्यात पोहोचले. मोठमोठ्या पलटणींस जे जमले नव्हते ते या पाच जणांस जमले, याचे एक कारण त्यांनी बरोबर किती थोडे नेले हे होय. आपल्याकडे उलट रीत आहे. निघण्याच्या रात्री आई एक डबा भरते, आजी दुसरा, आणि नाही म्हणणे जिवावर येते. मातांनी यादी आधीच पाहून ठेवावी, म्हणजे हा प्रसंग टळेल.

आपल्या घरची तांदळाची भाकरी पहिल्या दिवशी अमृत, दुसऱ्या दिवशी ढाल. दुधात भिजविलेल्या पिठाच्या दशम्या अधिक टिकतात. सातूचे पीठ, गूळ, शेंगदाणे, खजूर व लाडू यांस विस्तव लागत नाही. सुक्या बोंबलाची चटणी तर आठ दिवस राहते. पण मुक्काम देवळात असेल त्या रात्री ती बांधलेलीच राहू द्यावी, कारण आपण तेथे पाहुणे असतो. घामावाटे मीठही जाते, हे मिठागरांच्या शेजारी वाढलेल्यांस निराळे सांगावयास नको; पाण्यात मीठ, साखर व लिंबू घालून ते थोडे थोडे प्यावे. टाक्यातील पाणी गाळून, उकळून वा औषध टाकूनच घ्यावे.

सरावाविषयी मात्र फार कोणी विचार करीत नाही. करावे समुद्रसपाटीचे गाव. येथे सर्वांत मोठा चढ म्हणजे स्थानकाचा जिना. दोन महिने आधीपासून दर रविवारी बेलापूरच्या टेकड्या, मग पनवेलपलीकडील कर्नाळा, मग प्रबळगड असा क्रम धरावा. त्यांपैकी एकदा तरी शनिवार व रविवार असे लागोपाठ दोन दिवस पूर्ण ओझ्यासह चालावे. पहिल्या दिवशी सगळेच शूर असतात. जोड्याचा दोष, पट्ट्याचा काच आणि सोबत्याचा स्वभाव हे दुसऱ्या सकाळी कळतात. नवे कोरे जोडे घालून कोणी राजगडास येऊ नये. ज्याच्याजवळ चांगले जोडे नाहीत व घेण्याची ऐपत नाही, त्याच्यासाठी सामाईक वर्गणीतून तजवीज करावी, आणि ती त्यास चारचौघांत कळवू नये.

गडांवर कड्यांस आग्यामोहोळे असतात. त्यांच्याखाली धूर, आरडाओरडा व अत्तरे वर्ज्य. दगडांच्या फटीत फुरसे असते. तेथे न पाहता हात घालू नये. सर्प डसल्यास कापणे, चोखणे, घट्ट बांधणे यांपैकी काहीही न करता तो अवयव न हलविता माणसास रुग्णालयात पोहोचवावे; १०८ हा रुग्णवाहिकेचा व ११२ हा सर्व आपत्तींचा क्रमांक होय. मात्र घाटमाथ्यावर दूरध्वनी पुष्कळदा लागत नाही. भ्रमणध्वनीतील नकाशावर विसंबणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवून कागदी नकाशा जवळ बाळगावा.

शेवटी पालकांसाठी. निघण्यापूर्वी बेताच्या तीन प्रती कराव्यात. एक तांडेलाजवळ, एक शाळेत, एक कोणा एका घरी. त्या घरच्या वडिलांनी किंवा आईने सर्वांच्या वतीने निरोप घ्यावयाचा. कागदावर रोजचा मार्ग, मुक्कामाच्या गावातील ओळखीच्या माणसाचा क्रमांक, परत फिरण्याच्या वेळा, आणि एक फार महत्त्वाची ओळ असावी : “अमुक दिवशी रात्री नऊपर्यंत निरोप आला नाही, तर अमुक ठिकाणी विचारपूस करावी, सकाळी सातपर्यंत पत्ता न लागल्यास पोलिसांस कळवावे.” खाडीवर गेलेली होडी कोणत्या भरतीबरोबर परतावयास हवी, हे किनाऱ्यावरच्या बाईस माहीत असते. म्हणून ती आधी उगीच घाबरत नाही, आणि वेळ टळल्यावर स्वस्थही बसत नाही. ज्या आईजवळ असा कागद नाही तिला पहिल्या तासापासून काळजी लागते, व चार दिवस दर अर्ध्या तासाने घंटी वाजविण्यावाचून तिच्या हाती दुसरे काही राहत नाही. त्या कागदावरील वेळा आईवडिलांसमक्ष ठरवाव्यात, व त्यांस ज्या गोष्टीची धास्ती वाटते ती त्यांनी त्याच वेळी मोकळेपणी विचारावी. उत्तर देता आले नाही, तर बेत अजून कच्चा आहे.

पाचवा दिवस रायगडास व परतीस ठेवावा. चालून आलेल्यांनी पायऱ्यांनी चढणे शोभून दिसेल. परंतु १९९६ पासून तेथे रज्जुमार्ग आहे, आणि ज्याचे गुडघे सुजले असतील त्याने त्यातून वर जावे, त्यास कोणी हसू नये. गड पाहून दुपारी दोनच्या आत खाली उतरावे, महाडास यावे, व तेथून महामार्गाने पनवेलकडे येणारी गाडी धरावी. गाडीत बसल्यावर खाऊचे उरलेले डबे उघडण्यापूर्वी ज्या घरी कागद आहे तेथे निरोप द्यावा : “सर्वजण उतरलो. दहा जण. रात्री येतो.”